मोरेसरांची हजेरी

नापासांच्या क्लासात बसलेल्या माणसाकडचे किस्से कधी संपत नाहीत. पास झालेल्यांचं काय, मार्कशीट मिळाली की विषय मिटला. आम्ही जुने चार-पाच जण मुरबाडच्या एसटी स्टँडवर भेटलो की मोरेसर निघतातच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दहावीला इंग्रजीत गेलेल्यांचा सर विहारामागच्या खोलीत सकाळी क्लास घ्यायचे, फुकट. कुठल्या क्रियापदापुढे 'टू' आणि कुठल्यापुढे 'इंग', हे काही केल्या आमच्या डोक्यात शिरेना. शेवटी सरांनी एकेकाला एकेक क्रियापदच नाव म्हणून दिलं. हजेरीत 'एन्जॉय' पुकारलं की गणपतने 'इंग' म्हणायचं, 'डिसाइड' पुकारलं की कमलने 'टू'. मी 'अव्हॉइड'. ते मलाच का, हे आमच्या म्हातारीला विचारा.

*

म्हसा गावच्या जत्रेत गणपतचे वडील बैलाचा सौदा करत होते. रुमालाखाली दलालाच्या हातात हात, बोटांवर भाव चाललेला. तेवढ्यात मागून सरांची हाक आली, "एन्जॉय!"

गणपत सवयीने ताठ उभा राहिला. "इंग, सर!"

दलालाला वाटलं, ही बापलेकांची काहीतरी खूण. त्याने हात काढून घेतला तो घेतलाच. गणपतचे वडील पाडव्यापर्यंत सरांशी बोलले नाहीत.

*

सरांनी स्वतःकडे 'रिमेंबर' ठेवलं होतं. गणपतने एकदा विचारलं, "सर, तुमचं टू का इंग?"

"दोन्ही चालतं. करायचं राहिलंय ते आठवायचं तर टू. होऊन गेलेलं आठवायचं तर इंग." मग म्हणाले, "माझं हल्ली इंगच जास्त."

सरांची बायको, आमच्या बाई, जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. हे विचारलंच कशाला, म्हणून मला गणपतचा फार राग आला होता.

*

कमल हुशार, पण इंग्रजीत दोनदा गेलेली. ऑक्टोबरला पुन्हा गेली तर शिक्षण बंद आणि स्थळं बघणार, असं तिच्या बाबांनी सांगून ठेवलेलं. पोरगी भाकऱ्या थापतानाही अख्ख्या क्लासची हजेरी मोठ्याने घोकायची.

भाताची लावणी, म्हणजे आमच्याकडची आवणी, लागली आणि कमल यायची बंद झाली. एका सकाळी तिचे बाबाच दारात उभे, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पाय चिखलाने भरलेले.

"सर, कमलचा नाव काढा. आवनीला मानसा नायत. आन् शिकून तरी काय करंल ती?"

"हजेरी होऊ दे, मग बोलू," सर म्हणाले आणि नावं घ्यायला लागले. गणपतचं झालं, माझं झालं.

"डिसाइड?"

कमलची जागा रिकामी. सरांनी मान वर न करता पुन्हा पुकारलं, "डिसाइड?"

"टू," दारातून आवाज आला.

कमलचे बाबा उंबऱ्याला पाय पुसत होते. "आवनी सरली का सोमवारी धाडतू तिला," ते म्हणाले. "तवर नाव ऱ्हाऊ द्या."