वायरमन मामांचा राजीनामा

वायरमन मामा कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडे नाही, मीटरकडे बघत. मीटर ठीक दिसलं की मग "कसं काय, बरं हाय का?" आणि त्यानंतर चहा. त्यांचं खरं नाव गावात दोन-चार जणांनाच ठाऊक असेल. चुडाव्याच्या पुढे असलेल्या आमच्या गावात ते नोकरीला आले आणि गावचेच होऊन गेले. निवृत्त झाले तरी पँटच्या खिशातली पक्कड काही निवृत्त झाली नाही.

खांबावर चढण्याआधी ते खाली जमलेल्यांना विचारत, "घालवू का लाईट? राजी हाव का?" आता लाईट घालवायला कोण राजी असतं? पण विचारल्याशिवाय मामा फ्यूज काढत नसत. एकदा लग्नघरी नवरीच्या आईने "न्हाई" म्हटलं, तर अक्षता पडेपर्यंत ते खांबाखाली उकिडवे बसून राहिले. त्यांचे वडील निजामाच्या काळात पूर्णेला कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देत. ही विचारायची रीत आणि बोलण्यातले निम्मे शब्द वडिलांच्या त्या उर्दू वळणाच्या कागदांतूनच आलेले.

माझ्या आईला मात्र मामा डोळ्यांसमोर नकोसे. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा यायची, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात दादा, म्हणजे माझे वडील, बॅटरी घेऊन हळदीला पाणी द्यायला जात आणि ते परतेपर्यंत आई उंबऱ्यावर बसून असे. मी नववीत असताना त्यांना बांधावर साप चावला. दादा वाचले, पण पाय कायमचा अधू झाला. आईने भर गल्लीत मामांना गाठलं. "दिवसाची लाईट काय तुमच्या घरी बांधून ठेवायलाव का?"

मामा मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, बटन माह्या हातात न्हाई. पर दिवसा लाईट दिल्याबिगर मी मरायचा न्हाई, बघा." आईने त्यानंतर त्यांना कधी चहा विचारला नाही. ते यायचे, मीटर बघायचे आणि तसेच जायचे. मला फार वाईट वाटायचं, पण आईपुढे बोलायची हिंमत कुणाची?

मामा निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी बातमी आली. गावाने गायरानाची जागा दिली तर तिथे सौर पॅनल बसणार आणि शेतीला बाराही महिने दिवसा लाईट मिळणार. अट एकच, ग्रामसभेची संमती. इथेच घोडं अडलं, कारण आमच्या ग्रामसभेला सरपंच, ग्रामसेवक आणि सावलीला आलेलं एखादं कुत्रं, एवढेच हजर असत. माणसं पुरेनात म्हणून सभा दोनदा तहकूब झाली. तिसऱ्यांदाही तेच झालं असतं तर पॅनल दुसऱ्या गावाला जाणार होते. मामांची तर झोपच उडाली.

मी तेव्हा परभणीला शाळेत शिकवत होते. रविवारी गावी आले तर मारुतीच्या पारावर ही झुंबड! पारावर मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला मोठा कागद डकवला होता. वर ठळक लिहिलं होतं, 'राजीनामा', आणि खाली, 'सर्व गावकऱ्यांनी सह्या कराव्यात.' त्याखाली बारीक अक्षरात गायरानाचं आणि पॅनलचं सगळं होतं, पण तो मजकूर गावाने वाचलाच नाही. सरपंचाला घालवायचंय असं समजून जो तो पेन घेऊन धावत आला होता. आयुष्यात ग्रामसभेचं तोंड न पाहिलेली माणसं रांगेत भांडत होती. सरपंच एका कडेला घाम पुसत उभे.

मामा आधी गोंधळले, मग पारावर चढले. "आवो, माह्या बापाच्या कागदात राजीनामा म्हंजे आमी राजी हाव, असं लिहून देनं! एका मानसाला घालवायला एवढे जमलाव, मंग लाईट आनायला जमा की. लांबून कोळसा जाळून येती ती लाईट, आन् उरलीसुरली आपल्याला रातच्याला. ऊन तर आपल्याच माळावर पडायलंय. राजी हाव का?" सगळं गाव पोट धरून हसलं. पहिली सही सरपंचांनी केली, तीही सुटकेचा श्वास टाकून. त्यांच्यामागे सगळी रांग राजी झाली.

फक्त गयाबाई अडून बसली. तिच्या शेळ्या गायरानातच चरायच्या. "माह्या शेळ्या काय तुमच्या काचा खातील?" हा तिचा सवाल बिनतोड होता. बहुमत तर झालंच आहे, तिला सोडा, असं लोक म्हणाले, पण मामा ऐकेनात. दुसऱ्या दिवसापासून ते तिच्यामागे शेळ्या राखायला जाऊ लागले. शेळ्या कुठे चरतात, कुठे ढुंकूनही बघत नाहीत, ते पंधरा दिवस पाहिलं आणि मग मुरमाड, बिनगवताच्या अंगाला त्यांनी चुन्याची रेघ मारली. पॅनल रेघेच्या पलीकडे, शेळ्या अलीकडे. "शेळ्यायचा राजीनामा घेतलाय," ते ऐटीत म्हणाले. गयाबाईने हसत अंगठा उठवला. तिसऱ्या ग्रामसभेत मंडप अपुरा पडला आणि ठरावाला एकूण एक हात वर झाला. आडमुठं म्हणून तालुक्यात बदनाम असलेलं आमचं गाव! मला तर त्या दिवशी रडूच आलं.

पॅनल बसले. पहिल्या दिवशी भर उन्हात शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या. दादांनी अधू पायाने बांधावर उभं राहून हळदीत पाणी शिरताना पाहिलं. आई मात्र चहाची किटली घेऊन तरातरा पारावर गेली. "घ्या मामा, लय दिवसाचा ऱ्हायलाय," एवढंच म्हणाली. मामांनी तीन कप चहा प्यायला.

गेल्या वर्षी मामा गेले. दुपारी आम्ही त्यांना घेऊन शिवाराच्या वाटेने निघालो तेव्हा दोन्ही बाजूंनी पाणी वाहत होतं. थोडा वेळ लाईट घालवावी, माणसाचा मान राहील, असं कुणीतरी म्हणालं आणि एकजण बटन पाडायला डीपीच्या पेटीकडे वळलासुद्धा. आईने डोळे पुसले आणि भर वाटेत त्याला आडवी झाली.

"खबरदार, हात लावशील तर! चालू दे सगळ्या मोटारी. लाईट घालवायला मामाचा राजीनामा न्हाई."