पेंटरचा पंचावन्न इंची टीव्ही

माणसाचा चेहरा पेंटर जवळून करायचे आणि दारातून बघायचे. भिंतीवर पंचावन्न इंची टीव्ही, त्याला वायरीनं जोडलेला काँप्युटर, आणि टीव्हीपासून हातभर अंतरावर मोडक्या पाठीच्या खुर्चीत पेंटर. एवढ्या जवळून त्यांना नाक दिसलं तर नाकच दिसायचं, गाल दिसला तर गालच. म्हणून थोड्या थोड्या वेळानं माऊस ठेवून ते उठायचे, उंबऱ्याबाहेर जायचे आणि वळून बघायचे. समोर परातीएवढा चेहरा असायचा. तो बहुतेक वेळा मेलेल्या माणसाचा असायचा.

कडेगावात आमची भिंतीला भिंत. मी शाळेतून निवृत्त झालेली, पेन्शनवाली, आणि सगळ्या जगाला अजून गृहपाठ तपासून द्यायचा आहे अशा तोऱ्यातली बाई. दुपारी जेवण झालं की त्यांच्या दुकानातल्या बाकावर जाऊन बसायची. आता नावालाच पेंटर, पण एके काळी पंचक्रोशीतल्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. फ्लेक्स आले आणि ब्रश वाळले. मग उतारवयात काँप्युटर शिकले. वाढदिवसाचे फ्लेक्स तरुण मंडळींनी पळवले, पेंटरकडे उरले ते भिंतीवर हार घालून लावायचे फोटो.

टीव्ही आला तो भांडणांमुळे. आधी छोटा मॉनिटर होता. घरचे दहाजण यायचे, पुढचे दोघे बघायचे, आणि फ्रेम घरी गेली की मागचे आठजण म्हणायचे, "ह्ये आमचं आण्णा न्हवंत." पेंटरनी सरळ मोठा टीव्ही आणून भिंतीला ठोकला. "आता समद्यांनी बघायचं, आन् हितंच भांडायचं," म्हणाले. मॅचच्या दिवशी रस्त्यानं जाणारे लोक टीव्ही दिसला म्हणून आत डोकावायचे, आणि भिंतीभर पसरलेल्या कुणाच्या तरी आज्याला बघून चप्पल काढून नमस्कार करून जायचे.

बहुतेकांकडे धड फोटो नसायचाच. लग्नातल्या घोळक्यातून डोकं कापून काढायचं आणि पेंटरच्या साठ्यातल्या धडावर बसवायचं. साठ्यात एक कोट होता, एक फेटा, एक काठाची साडी. आमच्या भागातले निम्मे म्हातारे त्या एकाच कोटात भिंतीवर आहेत. सैन्याची वर्दीही होती, पण ती ते कुणाला उसनी देत नसत. एकदा आटपाडीकडचं मेंढपाळ कुटुंब आलं. नातवांनी कोट पसंत केला. म्हातारी इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, "त्यो कोट काढा वो. आमच्या मालकास्नी उकडंल." नातू हसले. पेंटर हसले नाहीत. म्हातारीच्या खांद्यावरचं घोंगडं त्यांनी मागून घेतलं, खुर्चीवर पसरून त्याचा फोटो काढला, आणि दोन दिवस खपून म्हाताऱ्याच्या खांद्यावर घातलं.

तेव्हाची मी म्हणजे नमुना होते. बासष्टीची तरणीताठी, केसांना काळा रंग. आपली मुलं आपल्यामागं कसला तरी वेडावाकडा फोटो लावतील ही धास्ती, म्हणून स्वतःचा फोटो आत्ताच करून ठेवायला गेले. टीव्हीवर माझं तोंड उमटलं आणि मी दचकले. पस्तीस वर्षं वर्गातली पोरं हे बघत होती तर! मी म्हणाले, "पेंटर, सुरकुत्या काढा." काढल्या. "डोळ्यांखालचं काळं काढा." काढलं. "हनुवटीखालचं लोंबतंय तेही." तेही गेलं. मग त्यांनी मला दारात नेऊन उभं केलं. भिंतीवर एक गुळगुळीत बाई होती, साबणाच्या वडीसारखी.

"कोण हाय?" पेंटरनी विचारलं.

मी दोन पावलं पुढं जाऊन पुन्हा बघितलं.

"आवं बाई, समदं काढल्यावर तुमच्यातलं उरतंय काय?" असं म्हणून त्यांनी सगळं पूर्ववत केलं. मी आठवडाभर रुसले होते. केस मात्र रंगवायचे सोडले.

मग ती साथ आली. माणसं कराडला, सांगलीला दवाखान्यात चालत जायची आणि पिशवीत बांधून परस्पर स्मशानात. घरच्यांना शेवटचं तोंडही दिसत नव्हतं. ते पहिल्यांदा दिसायचं पेंटरच्या टीव्हीवर. शटर अर्धं खाली, तोंडाला फडकी बांधून बाकावर दोघं-तिघं. पेंटर चेहरा लावायचे आणि उठून बाहेर पायरीवर येऊन बसायचे. आत रडं व्हायचं. "आदी बगू दे त्यास्नी. काम मागनं," मला म्हणायचे. कधी एका दिवसात तीन चेहरे. टीव्हीला रंग कमी करायचं रोज नव्यानं सांगावं लागायचं. टीव्ही आपल्या मनानं सगळ्यांना टवटवीत करायचा.

त्याच उन्हाळ्यात वहिनी गेल्या. पेंटरची बायको. रुग्णवाहिकेत चढताना मला म्हणाल्या, "बाई, ह्यास्नी चा द्या दुपारचा." अकराव्या दिवशी कराडच्या दवाखान्यातून त्या गेल्याचा फोन आला. रस्ते बंद, लेक सांगलीत अडकलेली. तेराव्याला फोटोच्या जागी नुसता तांब्या ठेवला, कारण गावाचे फोटो करणाऱ्या माणसाकडे बायकोचा फोटो नव्हता. लग्नातला होता, पण तो एकोणीस वर्षांच्या मुंडावळ्यातल्या मुलीचा. आधारकार्डावरचा टीव्हीवर घेतला तर नुसते चौकोन दिसायचे. वहिनींचा फोन त्यांच्याबरोबर गेला तो परत आला नाही.

एक फोटो निघाला माझ्या मोबाइलमध्ये. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा. मी मोबाइल वर केला तशी वहिनींनी हात आडवा धरला होता, "नगं वो बाई, माजं कशाला." हसत होत्या. तळव्यामागं अर्धा चेहरा झाकलेला, डावा.

पेंटर त्या फोटोला बसले. हात काढला, तर त्या जागी भोक पडलं. मग उजवा गाल, उजवा डोळा, उजवी भुवई, सगळं उलटं करून डावीकडं जोडलं. रोजचीच युक्ती होती ती, दहाजणांच्या चेहऱ्यांत चालून गेली होती. पण वहिनींच्या डाव्या भुवईत लहानपणी शेरडाच्या शिंगानं झालेली खोक होती. ती कुठं काढायची?

"वर व्हती का मदी, बाई?"

"मधे असावी."

मधे काढली. बाहेर जाऊन बघितलं, आत येऊन पुसली. वर काढली, पुसली. तिसऱ्या का चौथ्या दिवशी माऊस सोडून म्हणाले, "तीस वर्सं म्होरं बसून भाकरी वाढली तिनं. मी भाकरीकडं बगत व्हतो."

दोन आठवडे असे गेले. मी नेलेला चहा गार व्हायचा. दाढी वाढली, जेवण तुटलं. भीती वाटायला लागली की हा माणूस त्या खुर्चीतून उठणारच नाही. आणि तेव्हाच्या माझ्या शहाणपणाला तर मर्यादाच नव्हती. मी सुचवलं, "साठ्यातली साडी घाला आणि ओठ जरा वर उचला. माणूस हसरं बरं दिसतं." त्यांनी माझं ऐकलं. दुसऱ्या कुणाची साडी, दुसऱ्या कुणाचं हसू. मला दारात बोलावलं आणि विचारलं, "बाई, हीच का?"

पहिल्या नजरेतच कळलं मला, ही वहिनी नव्हे. दोन्ही बाजू सारख्या, तोंड देवळातल्या मुखवट्यासारखं. पण त्यांनी उठावं, दोन घास खावेत, म्हणून मी म्हणाले, "हीच."

ते उठले. अंघोळ केली. माझ्याकडे भाकरी खाल्ली.

चार दिवसांनी रस्ते सुटले आणि जयू आली, त्यांची लेक. मीही दुकानातच होते. फोटो टीव्हीवर लावलेला, तिला दाखवायला. ती दारात पिशवी ठेवून उभी राहिली, भिंतीकडं बघितलं, आणि चपला काढता काढता म्हणाली, "कुणाचं काम चाललंय, पप्पा?"

पेंटरनी माझ्याकडं बघितलं नाही. लेकीकडंही नाही.

"मलकापूरच्या एका बाईचं हाय," म्हणाले आणि रिमोटनं टीव्ही बंद केला.

मग जयू बापाच्या गळ्यात पडून रडली. मी पाणी आणायच्या निमित्तानं घरी पळाले.

मलकापूरची ती बाई त्यांनी काँप्युटरमधून काढून टाकली. वर्षश्राद्धाला वहिनींचा फोटो लागला तो माझ्या मोबाइलमधला, जसाच्या तसा: अर्धं तोंड, आडवा हात. रहिमतपूरहून आलेल्या वहिनींच्या चुलत सासूबाई ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "दुनियेची तोंडं केली, आन् बायकूचं तोंड झाकून ठिवलं." पेंटर ऐकून न ऐकल्यासारखे उदबत्ती लावत राहिले. जयू हार घालायला पुढं झाली. हार नीट करता करता फोटोला म्हणाली, "काढ की गं हात." आणि तिथंच खाली बसली.

त्यानंतर पेंटरनी एकही चेहरा केला नाही. लोक यायचे, मोबाइल पुढं करायचे; ते म्हणायचे, "नजर गेली माजी." नजर चांगली होती. वाण्याच्या पाटीवरची बारीक अक्षरं ते माझ्याआधी वाचायचे.

मागच्या वर्षी जयूनं त्यांना सांगलीला न्यायचं ठरवलं. टीव्ही गावातल्या मंडळाला दिला. सामान टेम्पोत चढलं, वहिनींचा फोटो पेंटरनी चादरीत गुंडाळून स्वतःजवळ ठेवला. जयू कुलूप लावत होती. मी निरोपाला उभी. कपाळावर आठ्या घालून ते म्हणाले, "बाई, एक इचारू? त्या दिशी तुमी 'हीच' म्हनालात. खरंच तशी वाटली व्हती, का माज्यासाठी म्हनालात?"

आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारलेली मी. खरं सांगितलं असतं, तर वहिनींचा चेहरा विसरलेलं माणूस जगात एकच उरलं असतं.

"मला खरंच तशी वाटली होती, पेंटर," मी म्हणाले. "मलाही आठवत नव्हता हो चेहरा."

त्यांनी माझ्याकडं थोडा वेळ बघितलं. "मग ठीक हाय," म्हणाले, आणि चादरीतला फोटो मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले.