बांधापर्यंतचा कुत्रा

परवा डब्यात खिळे शोधताना ती गंजकी साखळी हाताला लागली आणि माझं डोकं पुन्हा तापलं. मांजरी गावातलं माझं उसाचं रान आणि बांधापलीकडचं भावाचं, दोन्ही विकली गेली, वर कॉम्प्युटरवाल्यांची सोसायटी उभी राहिली, आणि कडेला माझं घर तेवढं उरलं. उसात रानडुकरं हाकलायला पाळलेला तांबडा कुत्रा आता त्यांच्या पार्किंगात कुणी स्कूटरला किल्ली लावली की दात विचकून धावायचा. एका सकाळी एक बाई घाबरून पडली, गुडघा फुटला. तिचा नवरा दारात आला. "काका, कुत्रा बांधा, नाहीतर कुत्र्यांची गाडी बोलावतो." मी भडकलो. "माझ्या बांधापलीकडं पाय टाकत नाही तो!" "कुठला बांध? इथे नुसत्या फरश्या आहेत." त्या नवऱ्याला हाताला धरून पार्किंगात ओढतच नेला. भुंकत सुटलेला कुत्रा फरश्यांच्या मधोमध थबकला. पलीकडं एकजण गाडी पुसत होता, त्याच्यावर साधा गुरगुरलाही नाही. "दिसला बांध?" मी ओरडलो. बाईचा नवरा शांतपणे म्हणाला, "दिसला की. पण अलीकडचंही विकलंत ना आपण? कुत्र्याला कळवायचं राहिलं वाटतं." गॅलरीतली माणसं हसली. त्याच दुपारी साखळी आणली. जगावर धावणाऱ्या त्या कुत्र्यानं माझ्यापुढं मुकाट मान पुढं केली, याचा माझा राग अजून जात नाही. निदान मला तरी चावायला हवं होतं त्यानं.