ग्रीक देवांची चौकशी

अख्ख्या जालना जिल्ह्यात ग्रीक देवांची रीतसर खातेनिहाय चौकशी कोणी केली असेल, तर ती आमच्या दाजींनीच. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, नात्यानं माझे साडू. पण बायको दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. केदारखेड्याला ते वीज खात्यात लाइनमन आहेत. जाडजूड मिश्या, खिशात पक्कड, आणि गेली काही वर्षं मोटारसायकलच्या डिकीत रबरी हातमोज्यांशेजारी एक पुस्तक. तेही कसलं, तर शाळकरी पोरांच्या साहसकथेचं. त्यात तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी आहे. आपला बाप ग्रीक देव आहे हे तिला एके दिवशी कळतं, आणि तिथून पुढं भागामागून भाग राक्षस तिच्या पाठी लागतात.

पुस्तकं मुळात त्यांच्या मुलीची. आठवीत असताना तिनं शाळेच्या वाचनालयातून पहिला भाग आणला, आणि पोरगी जेवताना ताटाकडं बघत नाही म्हणून दाजींनी तो काढून घेतला. मुखपृष्ठावर ढगात उभा असलेला एक दाढीवाला देव उघड्या हातानं वीज फेकत होता. दाजी ते चित्र बराच वेळ निरखत राहिले. "ना हातमोजा, ना अर्थिंग," ते म्हणाले, "आन् पाय वल्ल्या ढगावर. हा माणूस इतके दिवस जगला कसा?" तो कसा जगला एवढंच बघायला त्यांनी पुस्तक उघडलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एका शेतात, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीशेजारच्या कडुलिंबाखाली, ते संपवूनच उठले.

त्यानंतर गावच्या विजेचा कारभार झ्यूसकडं, म्हणजे मुखपृष्ठावरच्या त्या दाढीवाल्या देवाकडं, गेला. लाइन कधी येणार म्हणून कोणी फोन केला, की दाजी गंभीरपणे सांगायचे, "झ्यूस साहेबाच्या हातात हाय, मी काय करू?" हे नाव हळूहळू वस्त्या-वस्त्यांवर पोचलं आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं उपकेंद्रात चक्क अर्ज दिला: 'मा. झ्यूस साहेब यांस, सविनय अर्ज की, आमची डीपी चार दिवसांपासून बंद असून...' तिथले इंजिनिअर नवीन होते. आपल्या डोक्यावर कोणी परस्पर वरिष्ठ नेमला की काय, असं त्यांना वाटलं. त्यांनी दाजींना बोलावून विचारलं, "हे झ्यूस कोण?" दाजी म्हणाले, "सर, तुमच्या वरचे हायत, पण फील्डवर कधी येत न्हाईत." इंजिनिअर साहेबांना यात काही नवल वाटलं नाही. त्यांनी अर्जावर 'योग्य कार्यवाहीसाठी' असं लिहून तो दाजींच्याच हाती दिला, आणि दाजींनी खटपट करून त्याच दिवशी डीपी चालू केली.

विजेबाबत दाजी झ्यूसला एकवेळ माफ करतील, पण बाप म्हणून त्यांनी एकाही ग्रीक देवाला पास केलेलं नाही. जालन्याला आमच्याकडं आले, की चहा निवून जाईपर्यंत एकेकाचे कारनामे ऐकवायचे. मी कचेरीत साधा कारकून, पण ते मला साहेब म्हणतात. "साहेब, लेकराच्या मागं तीन तोंडाचं कुत्रं लागलंय. बाप समुद्राचा मालक. तो काय करतो? सपनात येतो, अर्धं वाक्य बोलतो, गायब. दुसरा पंखाचे बूट देतो आन् जल्दी जल्दी निघून जातो. बिलकुल जबाबदारी न्हाई." मी एकदा म्हटलं, "दाजी, देवांनाही काही नियम असतील." दाजी म्हणाले, "नियम मलाबी हायत. पण मी रोज पोरीला शाळेपर्यंत सोडून राह्यलो ना?"

शाळा त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती, तरी सोडायचे. परीक्षेला ती आत पेपर लिहायची आणि हे फाटकाबाहेर उन्हात उभे. नववीत सहल जांब समर्थला गेली, तेव्हा दाजी सबंध रस्ता मोटारसायकलवरून बसच्या मागं. मुली मंदिरापाशी उतरतात तर हे समोर हजर, हातात प्रसाद आणि चेहऱ्यावर आश्चर्य. "तुमीबी आजच आले का?" मुलगी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

दहावीनंतर तिचा नागपूरला डिप्लोमाला नंबर लागला आणि दाजींची भूक मेली. एका रविवारी तिघं आमच्याकडं आली. दाजींनी खिशातून बदलीचा अर्ज काढून माझ्यापुढं ठेवला. बदली मिळेपर्यंत बिनपगारी रजा आणि हॉस्टेलसमोर एक खोली, असा बेत होता. "मंग मी काय केदारखेड्यात पोलवर चढू का?" आमच्या अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं. दाजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, तुमी तर आतापर्यंतचे सगळे भाग वाचले. तिचा बाप तिच्यासंगं गेला असता, तर?"

"तर त्या राक्षसांची काय टाप होती?"

"बराबर. मंग पुस्तक तिसऱ्याच पानावर संपलं असतं."

माझ्या बायकोनं उगाच पुन्हा चहा टाकला. दाजींनी अर्जाच्या चार घड्या केल्या आणि तो खिशात घातला. "पण फोन तर करू शकत होते ना ते देव," ते म्हणाले.

"तुमी करा की," ती म्हणाली. "रोज एकदा. दोनदा न्हाई."

जालना स्टेशनवर तिला गाडीत बसवताना दाजींनी डब्यातले पंखे, दिवे, चार्जिंगचे पॉइंट सगळे तपासले. मग खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. गाडी हलली तसे चार पावलं तिच्याबरोबर चालले आणि थांबले. मला मात्र वाटलं होतं, हे आता मोटारसायकल काढतात.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. परवा मी केदारखेड्याला गेलो होतो. शेवटचा भाग तिनं नागपूरहून पाठवला आहे. तो दाजींच्या उशाशी होता, आणि शेवटच्या पंचवीस-तीस पानांपाशी खुणेला जुनं वीजबिल. महिनाभर ते बिल तिथून हललं नाही, असं अक्का म्हणाल्या. मी म्हटलं, "दाजी, एवढंसं तर राहिलंय, वाचून टाका." त्यांनी पुस्तक हातात घेतलं, खूण बघितली आणि तसंच परत ठेवलं.

"ती पोरगी घरी वापस निघालीय साहेब," ते म्हणाले. "पोचती का न्हाई, ते एकट्यानं वाचवत न्हाई. दिवाळीला आमची येईल. मंग तिलाच म्हणीन, तू वाच, मी ऐकतो."