आप्पांची दुसरी फ्रेम

बार्शीला ऑपरेशनसाठी निघायच्या आदल्या दुपारी आप्पा मला म्हणाले, "फोटो काढायचाच असंल तर माझ्या लेन्सनं काढ. न्हायतर राहू दे."

आप्पा म्हणजे माझे वडील. सोलापुरात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. रोलचे कॅमेरे गेले तसा तो बंद पडला. तंबाखू मात्र कधी बंद पडली नाही. ती डाव्या गालात धरून धरून आत गाठ झाली होती, आणि आता तो गाल अन् खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागणार होता. डॉक्टरांनी कागदावर चेहरा काढून, जाणार तेवढ्या भागावर पेनानं रेघा मारून दाखवल्या. त्या रेघा पाहिल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हा चेहरा उद्यापर्यंतच आहे, मला त्याचा एक चांगला फोटो पाहिजे. अख्ख्या वस्तीचे फोटो काढलेल्या माणसाचा स्वतःचा एकही धड फोटो घरात नव्हता.

फोटो मीही काढते, पण माणसांचे नाही. चादरी आणि टॉवेल ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी काढते. माझ्या नव्या लेन्समध्ये चादरीचा धागा न् धागा दिसतो. आप्पांचं त्यावर उत्तर ठरलेलं होतं. "तुझी लेन्स धागं मोजती. माझ्या तोंडाव कशाला लावती ती?"

त्यांची लेन्स आईच्या स्टीलच्या डब्यात, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. तिचा कॅमेरा केव्हाच मेला होता, पण काच अजून स्वच्छ होती. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसवायला मधे एक लोखंडी कडं लागतं, ते मी मागवून ठेवलं होतं. लेन्स बसली. छिद्र लहानमोठं करायचं वळं फिरवलं तर कट् कट् असा आवाज आला आणि आप्पांनी मान वर केली. मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. स्क्रीनवर आलं, लेन्स बसवलेली नाही.

"काय म्हणतंय?" आप्पांनी विचारलं.

"तुमची लेन्स याला लेन्सच वाटत नाही."

माझा आधीच पारा चढलेला. दारातला उजेड सरकत चाललेला, आई उजेड चेहऱ्यावर परतवायला थर्माकोलची पाटी धरून उभी, आप्पांनी पांढरा शर्ट घालून वरचं बटणसुद्धा लावलेलं, आणि मी मेनूत आत-बाहेर करतेय. अखेर ती सेटिंग सापडली. लेन्स ओळखू आली नाही तरी फोटो काढू दे, असं कॅमेऱ्याला बजावून सांगावं लागतं. सांगितलं.

आप्पा स्टुलावर बसले ते बरोबर डावा गाल सावलीत ठेवून. गिऱ्हाइकाची वाईट बाजू झाकण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. आणि बसल्या बसल्या म्हणाले, "दोनच फ्रेम."

स्टुडिओत त्यांचा नेम होता तो. एक फ्रेम फोटोची आणि दुसरी डोळे मिटले तर. नवरदेव असो की शाळेचा हेडमास्तर, कुणी कितीही गळ घातली तरी तिसरी फ्रेम कुणाला मिळाली नाही.

"आप्पा, यात रोल नसतो. हजार काढले तरी..."

"म्हणूनच," ते म्हणाले. "हजार काढायचं म्हटलं की कुणी बघत न्हाय."

ही लेन्स आपलं आपण फोकस करत नाही, त्यासाठीचं दुसरं वळं हातानं फिरवावं लागतं. कॅमेरा तेवढी मदत करतो, जिथं फोकस लागेल तिथल्या कडा लाल करून दाखवतो. मी वळं हळूहळू फिरवत गेले. कान लाल झाला, मग भुवई, मग डोळा. त्यांच्या दुखऱ्या तोंडामुळे मान बारीक हलत होती, तसा तो लाल रंग पुढे-मागे होत होता. मी श्वास रोखला आणि दाबलं.

स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. लाल झाली होती ती चष्म्याची कड. कडेवरचा ओरखडासुद्धा स्वच्छ दिसत होता, आणि मागचे डोळे धुरकट.

"हलला?" आप्पा म्हणाले.

"चष्म्यावर लागला. माझ्याकडून चुकलं. आता दुसरी घेते, तसंच बसा."

आप्पा उठले. शेजारच्या खुर्चीच्या पाठीवरचा रुमाल घेतला, तोंड टिपलं. "दुसरी राहू दे. परत आल्यावर घे."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण ते शर्टाचं बटण काढायला लागले, आणि माझा तोल सुटला. "परत आल्यावर काय घेऊ? तेव्हा हा चेहरा नसणार आहे, आप्पा!"

आईच्या हातातली पाटी खाली आली. बोललेलं परत घेता येत नाही, आणि मला घ्यायचंही नव्हतं. सगळे जण आठवडाभर जे टाळत होते ते मी बोलून टाकलं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. तंबाखूचा, त्या नेमाचा, त्यांच्या शांत बसण्याचा.

आप्पांनी बटण काढून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं. "नसू दे की. मी तर असणार."

संध्याकाळी ते बशीत गार करून चहा घेत होते. दाराशी, उजेडात. मी स्वयंपाकघराच्या आडोशाला होते आणि कॅमेरा गळ्यात होता. नव्या कॅमेऱ्याला आवाज बंद करून फोटो काढता येतो. मी आवाज बंद केला. स्क्रीनवर त्यांचे डोळे मोठे करून पाहिले, वळं फिरवलं. यावेळी लाल रंगावर विसंबले नाही. बुबुळातला उजेडाचा ठिपका टोकदार होईपर्यंत फिरवलं. लागला. आप्पांना कळलंही नसतं.

बोट बटणावर होतं. आणि एकदम वाटलं, हा फोटो मी घेतला तर त्याचा अर्थ एवढाच की ते परत येतील यावर माझा भरवसा नाही. मी बोट काढलं. कॅमेरा ओट्यावर ठेवून भांडी घासायला घेतली, आणि भांडी जरा जास्तच आपटली.

ऑपरेशन लांबलं. सांगितलं होतं त्यापेक्षा खूपच. दवाखान्याच्या बाकावर आई डोळे मिटून बुद्धवंदना पुटपुटत होती आणि मी पिशवीत हात घालून लेन्सचं वळं फिरवत होते. कट् कट् कट् कट्. आई मधेच म्हणाली, "बंद कर की गं ते." मी बंद केलं. दार उघडलं की मी उठून उभी राहायचे, आणि दर वेळी दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं जायचं. तो चहाच्या वेळचा फोटो घेतला नाही म्हणून मी स्वतःला शिव्या देत होते. खरंच देत होते. मग डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, निभावलं.

आप्पा घरी आले तेव्हा डावा गाल आत ओढला गेला होता, मांडीची कातडी तिथं जोडली होती, नाकात नळी होती. बोलता येत नव्हतं. आरशाकडे ते जात नव्हते आणि आम्हीही विषय काढत नव्हतो. नळी निघाली त्या दुपारी मात्र त्यांनी स्वतः पांढरा शर्ट घातला. स्टूल दारापाशी ओढलं, डबा माझ्यापुढं ठेवला आणि एक बोट वर केलं. एक फ्रेम शिल्लक आहे.

बसताना त्यांनी चष्मा काढून आईकडे दिला. आणि डावा गाल उजेडाकडे केला.

मला डोळ्यांपुढचं दिसेना. डोळे पुसले, वळं फिरवलं, ठिपका हरवला, परत सापडला. मान आता पहिल्यापेक्षा जास्त हलत होती. त्यांनी श्वास सोडला त्या क्षणी ती थांबली, आणि मी दाबलं.

कॅमेरा त्यांनी मागून घेतला. चष्मा लावला, फोटो मोठा केला. गालावर थांबलेच नाहीत, सरळ डोळ्यापाशी गेले आणि बराच वेळ तिथंच राहिले. मग मान हलवली. बरोबर आहे.

"झाल्या दोन," मी म्हणाले. "संपल्या."

आप्पांनी नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा एक बोट वर केलं.

"तिसरी? आत्ता घेऊ?"

नाही, अशी मान. त्यांनी लेन्सला झाकण लावलं, ती मखमलीत गुंडाळली, आणि डबा उचलून स्वतः कपाटात ठेवून आले.