काडीमास्तरांचा डावा कान

अंगाने काडी आणि हातात माणसापेक्षा उंच, पोट सुटलेला बेस! उभं राहून वाजवायचं हे अवजड तंतुवाद्य काडीमास्तर जिन्यावरून चढवू लागले की शेजारी दारं उघडून बघत. बायको त्याला ‘तुमची म्हैस’ म्हणायची. “खरी असती तर दूध तरी दिलं असतं,” हे तिचं ठरलेलं वाक्य.

मास्तरांना संगीत लागलं ते लष्करात. भरती झाले होते बंदूक धरायला, पण छाती मापात बसेना. तरी फुंकर जबरदस्त, म्हणून बॅंडमध्ये ढकलले. कवायतीत अंगाभोवती गुंडाळायचा मोठा पितळी बाजा त्यांच्याकडे असे आणि साहेबांच्या मेजवानीत, बसून वाजवायच्या वेळी, बेस. ज्याच्याकडे बाजा त्याच्याकडेच बेस, हा तिथला रिवाज. कवायतीत त्यांच्या डाव्या हाताला झांजवाला चाले. तो झांजा अशा आपटायचा की जणू जुनं वैर होतं. संध्याकाळभर डावा कान गुणगुणत राही. सगळे हसण्यावारी नेत, मास्तरही नेत.

मेजवानीतच त्यांनी पहिल्यांदा जॅझ वाजवलं आणि कवायतीतून मन उडालं. लष्कर सुटल्यावर ते हॉटेलांतून जॅझ वाजवू लागले. बेसवाल्याचं नशीब मोठं चमत्कारिक. तो वाजवत असतो तोवर कुणाचं लक्ष नसतं, थांबला की सगळे माना वळवून बघतात. मास्तर खालच्या जाड स्वरांचे बादशहा होते, वर फारसे फिरकतच नसत. पुढे हॉटेलवाल्यांना एकटा कीबोर्डवाला पुरेसा वाटू लागला आणि मास्तर घरी बसले. मग संगीतशाळेत तळघरातली खोली मिळाली. विद्यार्थी यथातथाच होते. वर्षभर शिकवलं तरी पालथ्या घड्यावर पाणी.

शिंप्याची मुलगी आली आणि चित्र पालटलं. तिचा हात पट्टीवर असा फिरायचा की मास्तर घरी जेवताना ताट विसरून तिच्याबद्दल बोलत. मोठ्या वाद्यवृंदात जायचं हे तिचं स्वप्न, आणि आता मास्तरांचंही. वरचे नाजूक स्वर गजाने वाजवण्यापर्यंत पोचलेली ती त्यांची पहिलीच विद्यार्थिनी होती. बेसवाल्यांच्या सवयीप्रमाणे ते तिच्या वाद्याच्या मानेला डावा कान लावत आणि सांगत, “चढतोय गं. बोट मागे घे.”

“सर, मला तर बरोबर वाटतोय.”

“वाटण्यावर जाऊ नकोस. मागे घे.”

ती मागे घेई. दोन वर्षं घेत राहिली.

वाद्यवृंदाच्या निवडीत ती नापास झाली. परीक्षक म्हणाले, हात सुंदर आहे, पण वरचे सगळे स्वर उतरलेले, कान कच्चा. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरातरा ते संगीतशाळेतल्या पियानो शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. “तुम्हीच ऐका आणि सांगा, मुलगी कुठे चुकली!”

बाईंनी एक वरचा स्वर दाबला. मास्तरांनी तोच बेसवर धरला. बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पुन्हा पट्टी दाबली आणि म्हणाल्या, “मास्तर, डावा कान झाका बरं.” मग म्हणाल्या, “आता उजवा.”

पट्टी एकच होती आणि कानांत स्वर दोन होते. डाव्या कानाला तो चढलेला ऐकू येत होता. मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “आवाजाच्या माऱ्याने होतं असं. आता उपाय नाही.”

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती दाराला कडी लावून म्हणाली, “झाकली मूठ सव्वा लाखाची. बोललात तर तळघरही जाईल. मग करणार काय?”

“आणि ती पोर? अगं, कुंपणानेच शेत खाल्लं.”

मास्तरांना जेवण गेलं नाही. लष्कर गेलं, हॉटेलं गेली, तेव्हा ते इतके खचले नव्हते, कारण तेव्हा कान आपला होता. आता आपल्याच डोक्यात शत्रू बसलाय असं त्यांना वाटत होतं. पण त्याहून जास्त जाळत होता तो मुलीचा विचार. तिला आणखी एकच संधी होती, तीही पुढच्या महिन्यात.

सकाळी त्यांनी तिला आणि पियानोच्या बाईंना तळघरात बोलावलं आणि एका दमात सांगून टाकलं. “तुझा कान पहिल्या दिवसापासून चोख होता. माझा फुटलेला आहे. मी तुला बिघडवलं.”

ती चिडेल, ओरडेल, गज फेकून देईल म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले. ती चिडली नाही. डोळे पुसत म्हणाली, “म्हणजे मी कच्ची नव्हते?”

“अजिबात नाही. वाजव. माझं काही ऐकू नकोस. तुझ्या कानाने वाजव.”

तिने गज ओढला. बोट वर गेलं आणि नेमकं टेकलं. बाईंनी हळूच मान डोलावली. मास्तरांना इतकं हायसं वाटलं की ते भिंतीला टेकले.

पण मुलीचा चेहरा ओढला गेला. आंबट काही तोंडात आल्यासारखं तिने नाक मुरडलं. गज चालूच होता आणि बोट हळूहळू मागे सरकलं. बाईंची मान थांबली.

“हाच ना, सर?” ती विश्वासाने म्हणाली. “मला तर हाच बरोबर ऐकू येतो.”