दोन गाठींचं बासन

शुक्रवार, २ जुलै १९९३. जळगाव. ढगाळ, पाऊस नाही. धुळ्याहून प्रा. धनसिंग गिरासे सव्वादहाला आले. ह्यांचे कागद पाहिले. जेवायला वरण-बट्टी. कापसाच्या कराचं टिपण सापडलं नाही. सुकदेव न जेवता गेला.

त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. सुकदेव का जेवला नाही, ते आज सविस्तर लिहिते.

हे दोनदा लोकसभेवर निवडून गेले. आयात-निर्यात कराची विधेयकं हा ह्यांचा विषय. दिल्लीहून येताना ट्रंका भरून कागद यायचे : मसुदे, दुरुस्त्या, समित्यांची टिपणं, व्यापाऱ्यांची निवेदनं. ते लावून ठेवायचं काम सुकदेव निंबा माळी याचं. तो आमच्याकडे १९६७ साली शिपाई म्हणून लागला. शिक्षण मराठी तिसरी. इंग्रजी अक्षर ओळखत नव्हता, पण त्याने स्वतःची पद्धत बसवली. कागद देताना हे सांगायचे, "हे तेलाचं", "हे केळीचं". तेलावरच्या कराचे कागद सुकदेव कापडात गुंडाळून सुतळीने बांधायचा, केळीचे कागद केळीच्या सोपटाच्या दोरीने आणि कापसाचे पांढऱ्या सुती नाडीने. ह्यांच्या हातचं लिखाण असेल तर दोन गाठी, नाहीतर एक. अंधारात चाचपूनसुद्धा तो हवं ते बासन काढून द्यायचा. कपाटाची किल्ली त्याच्या करदोट्याला असे. हे गेल्यावरही ती तिथेच राहिली.

ह्यांचे सगळे कागद धुळ्याच्या एका ग्रंथालयाला द्यायचं ठरलं. गिरासे तेच न्यायला आले होते. माणूस अभ्यासू, पण घाईचा. त्यांनी कात्रीने सगळ्या दोऱ्या कापल्या आणि कागद तारखेप्रमाणे फायलींत घातले. दोन वाजता, पानं वाढायच्या आधी, म्हणाले, "काकू, सगळ्यात महत्त्वाचा कागद नाही. समितीच्या अहवालाला साहेबांनी असहमती लिहिली होती, ती."

तो कागद मला ठाऊक होता. मीच टंकलिखित केला होता. आपल्याकडे कापसाची वेचणी चालू असते त्या महिन्यांत परदेशी कापसावरचा कर उतरवू नये, असं ह्यांनी लिहिलं होतं. टपाल एक दिवस उशिरा पोचलं आणि अहवालात ते छापलं गेलं नाही. साहेबांनी मुकाट्याने सही केली, असं बाजारात लोक बोलले. टंकलिखित प्रत दिल्लीत कुठे गेली कोण जाणे. पुरावा म्हणून ह्यांच्या हातची प्रत तेवढी उरली होती.

गिरासे आवाज उतरवून म्हणाले, "एवढ्या वर्षांत एखादं बासन रद्दीत जातंच. शिपायाला काय कळणार, काकू!"

सुकदेव ओट्यावर कापलेल्या दोऱ्या गोळा करत होता. आत आला. "अक्का, बठ्ठ्या दोऱ्या मोज्यात. दोन गाठीनी पांढरी नाडी एक कमी शे. ते बासन आज कपाटमां नव्हतंच."

गिरासे हसले. "नाड्या मोजून कागद सापडतात होय?"

"तुम्ही कापल्या सर, म्हणून मोजाव्या लागल्या."

मग त्याने करदोट्याची किल्ली सोडून माझ्या टेबलावर ठेवली. "आता तुम्हीच ठेवा, अक्का. उद्या आणखी काही कमी पडलं तर?"

खरं लिहायचं तर मी त्याला लगेच थांबवलं नाही. क्षणभर मलाही वाटलं, गेलं असेल का रद्दीत? ती लाज मला पुढे तीन आठवडे पुरली. सुकदेव त्यानंतर आलाच नाही.

मिशनच्या शाळेत सिस्टरांनी रोज रात्री दिवसाचा हिशोब लिहायची सवय लावली होती. तेव्हापासूनच्या वह्या आहेत. त्या काढून बसले. चौथ्या दिवशी १७ सप्टेंबर १९८५ ची नोंद मिळाली : "छत गळलं. कपाट भिजलं. सुकदेवने कापसाचं बासन कानबाईच्या ट्रंकेत ठेवलं. तीच कोरडी." त्यानंतर तीनच महिन्यांनी हे गेले. त्या गडबडीत दोघांनाही आठवण राहिली नाही. कानबाई, आमची कुळाची देवी, श्रावणातल्या एका रविवारी घरात बसते; पुढच्या वर्षीपासून ती एरंडोलला पुतण्याकडे बसायला लागली. ट्रंकही तिकडे गेली.

पुतण्याची बायको लताबाई हिला फोन लावला.

"काकू, दरवर्षी मीच उघडते. कानबाईचं नारळ, लुगडं, नथ, मोठ्या आईंचं बासन. कागद-बिगद काही नाही." मोठ्या आई म्हणजे माझ्या सासूबाई.

"आत्ता बघतेस का?"

"कानबाईच्या रविवारच्या आधी ट्रंक उघडायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना!"

माझंच शिकवणं माझ्या आड आलं. तोवर बाकीचे कागद धुळ्याला गेले. यादीत त्या कागदापुढे गिरास्यांनी लिहिलं, "गहाळ".

आज, २५ जुलैला, कानबाईच्या रविवारी, सकाळी मी स्वतः सुकदेवच्या घरी गेले आणि त्याला एरंडोलच्या एस.टी.त बसवलं. वाटेत तो एकच वाक्य बोलला, "नही सापडनं तर मी परत येवाव नही, अक्का."

लताबाईने ट्रंक उघडली. वरचं लुगडं काढलं. खाली एक बासन होतं. त्यावर हळदकुंकवाचा एवढा थर, की मूळ कापड दिसेना.

"हे मोठ्या आईंचं. आत काय आहे ठाऊक नाही. आम्ही हळदकुंकू वाहतो आणि परत ठेवतो."

सुकदेव खाली वाकला. बोटाने हळद बाजूला केली. "अक्का, हाई गाठ मन्ही शे. दोन शेतस."

लताबाईने कपाळाला हात लावला. "अगं बाई! सात वर्षं मी सरकारी कागदाची पूजा केली?"

"सरकारी नही, वहिनी. सरकारना विरुद्धना," सुकदेव म्हणाला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसला.

आत ह्यांचं अक्षर होतं. कडा पिवळ्या पडलेल्या, ओळ न् ओळ शाबूत. सुकदेव पायरीवर बसून दोन तांबे पाणी प्यायला. देवीला नमस्कार करताना नेमकं काय म्हणावं, ते सुचेना.

तिथूनच गिरास्यांना फोन केला. त्यांनी पहिली ओळ वाचून दाखवायला लावली. मग म्हणाले, "काकू, सुकदेवभाऊंना द्या जरा." ते काय बोलले मला ऐकू आलं नाही. सुकदेव म्हणत होता, "असू द्या, सर... हो, नाड्या सगळ्या ठेवल्यात जपून. कोणती कशाची ते येऊन सांगतो."

दिवेलागणीला जळगावला पोचलो. सुकदेव जेवून गेला. वहीत लिहिलं : रिकाम्या कपाटात कुरडया-पापडांचे डबे ठेवले. किल्ली सुकदेवकडे.